लढाऊ विमानातली खुर्ची

“सर, तिला उठवू नका.”

पाटोळ्यांचा असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी शिडीच्या वरच्या पायरीवर होतो. दोन्ही हात विमानात घालून रेणुकाला काखेत धरलं होतं, पण अजून उचललं नव्हतं.

“का? मागे रांग लागलीय,” मी म्हणालो.

“हात काढून घ्या. हळू. आणि तिला म्हणावं, अशीच बस.”

मी हात काढून घेतले. रेणुकानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “काय झालं, सर?”

“काही नाही. जरा थांब.”

पाटोळे तोवर रांगेकडे वळले होते. “चला, सगळे हँगरच्या मागे. मुलांना घेऊन चला. पळायचं नाही, पण थांबायचंही नाही.” हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त होऊन इथल्या विमानांची देखभाल करणारा माणूस. त्यांच्या आवाजावर लोक का-कू न करता निघाले. फक्त रेणुकाची आई जागची हलली नाही.

आमच्या करंजमाळावरची ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधली. पुढे हवाई दलानं ती वापरली, मग सोडून दिली, आणि मोठ्या हँगरमध्ये जुन्या विमानांचं संग्रहालय झालं. शाळेतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी मी तिथं जाऊ लागलो. विमान हवेत कसं टिकतं, हे मुलांना सांगण्यासारखं सुख नाही. मी प्रश्न विचारायचो आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला पाटोळे एक लाल फीत बक्षीस द्यायचे. विमान जमिनीवर असताना त्याच्या धोक्याच्या जागी पिना खोचून ठेवतात. त्या काढायच्या राहू नयेत म्हणून प्रत्येकीला अशी लांब लाल फीत असते. पाटोळे तसल्याच फिती गावातल्या शिंप्याकडून शिवून घेत आणि मुलं त्या दप्तराला बांधून मिरवत.

एरवी मुलांना बसवायचो ते शिकाऊ वैमानिकांचं लहान विमान. त्या रविवारी त्याचा रंग ओला होता. म्हणून पाटोळ्यांनी बाहेर उन्हात उभ्या असलेल्या लढाऊ विमानाची काच उघडून दिली. रेणुका दळवी पाचवीत जाणार होती. विमानाला शेपटी कशाला लागते, असं मी विचारलं. ती म्हणाली, “बाणाला पिसं लागतात तशी.” पाटोळे खालून म्हणाले, “हिला फीत द्यायला पाहिजे.” ती द्यायची वाट रेणुकानं पाहिली नाही. मांडीशेजारीच एक फीत लोंबत होती. तिनं ती ओढून घेतली.

आता पाटोळे शिडीशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “तिच्या हातातल्या फितीला पिन आहे का बघा. जाड, स्टीलची.”

“आहे.”

त्यांनी डोळे मिटले. “खुर्चीची पिन आहे ती. पायलटला विमानाबाहेर उडवते ना, ती खुर्ची. तिच्या दोन मांड्यांमध्ये काळं-पिवळं कडं दिसतंय?”

“दिसतंय.”

“ते ओढलं की खालचं काडतूस उडतं.”

“पण ही विमानं तर निवृत्त… काडतूस काढून घेत नाहीत?”

“घेतात.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “आमच्या स्क्वाड्रनची रीत होती, सर. शेवटचं उड्डाण करून विमान इथं आणायचं आणि जसंच्या तसं सोपवायचं. आतलं काढून पोकळ केलेलं विमान द्यायचं म्हणजे आम्हाला अपमान वाटायचा. काडतूस नंतर इथं काढायचं. मला वाटलं, इथल्यांनी काढलं. इथल्यांना वाटलं असणार, आम्हीच काढून दिलं.”

“तुम्ही स्वतः पाहिलं नव्हतं?”

“पिन पाहिली होती. रोज सकाळी बघत होतो, पिन जागेवर आहे. म्हणून बरं वाटायचं. खुर्ची रिकामी असती तर खरी पिन कशाला ठेवली असती कुणी? हे आज सुचतंय मला. ती पिन हातात घेऊन बसलीय तेव्हा.”

मी पुन्हा आत वाकून पाहिलं. मग मला दुसरी गोष्ट दिसली. फीत ओढताना रेणुका वळली होती, आणि तिच्या फ्रॉकचा कमरेचा बंद त्या कड्यातून आरपार गेला होता. मघाशी मी तिला उचललं असतं, तर बंदाबरोबर कडं वर आलं असतं.

मी ते पाटोळ्यांना सांगितलं. ते खालच्या पायरीवर बसलेच.

“किती जोर लागतो ओढायला?” मी विचारलं.

“नव्या खुर्चीला मोठ्या माणसाचा दोन हातांचा हिसका लागतो. ही जुनी आहे. उन्हापावसात उभी आहे. हिला किती लागेल, मला नाही सांगता यायचं.”

रेणुकाची आई हे सगळं ऐकत होती. त्यांचं नाव वैजयंती दळवी. तालुक्याच्या पोस्टात नोकरीला. त्यांनी शिडीचे दोन्ही दांडे घट्ट धरले होते. “फोन करा ना कुणाला तरी,” त्या म्हणाल्या.

“केलाय, ताई. हवाई तळावरची माणसं निघालीत. दुपार होईल यायला.”

“दुपार?” त्यांनी वर पाहिलं. मे महिना होता. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. “माझी पोरगी तोवर बसेल? जेवायलासुद्धा बसत नाही ती एका जागी.”

“सर,” वरून रेणुका म्हणाली, “मला खूप उकडतंय. आणि मला बाथरूमला जायचंय.”

“थोडं थांब, बाळा. हलू नकोस.”

“का?”

“सांगतो.”

“पण का?” म्हणत ती काय झालंय ते बघायला पुढे वाकली. बंद ताणला गेला. मी हात पुढे करून तिचा खांदा मागे दाबला.

“तिला काही सांगू नका,” वैजयंतीताई खालून कुजबुजल्या. “घाबरून उडी मारेल ती.”

“खरंच, सांगू नका,” पाटोळेही म्हणाले. “गोष्ट सांगा. गाणं म्हणायला लावा. वेळ काढा.”

आयुष्यभर मी मुलांना शिकवलं. जिला ‘का’चं उत्तर मिळत नाही ती मुलगी ते स्वतः शोधायला जाते, हे मला ठाऊक होतं. ही तर आधीच शोधत होती. वेळ काढायचा म्हटलं तर वेळ तिच्याच हातात होता, आणि तो कशासाठी काढायचा हे एकट्या तिलाच ठाऊक नव्हतं.

“रेणुका, माझ्याकडे बघ,” मी म्हणालो. “तू हललीस तर काय होईल ते सांगतो. ऐकताना मात्र हलायचं नाही. जमेल?”

“हो.”

“सर,” खालून वैजयंतीताई म्हणाल्या.

“तुझ्या खुर्चीखाली काडतूस आहे. विमान पडायला लागलं की पायलट ते कडं ओढतो आणि खुर्चीसकट बाहेर उडतो. तू काढलीस ती पिन कडं अडवून धरत होती. आता ते मोकळं आहे. आणि तुझ्या फ्रॉकचा बंद त्यात अडकलाय.”

तिनं मान न हलवता डोळे खाली नेले. “म्हणजे मी उडेन?”

“कडं ओढलं गेलं तर.”

“मग पॅराशूट उघडेल ना?”

“तू पट्ट्यांनी बांधलेली नाहीस.”

तिनं हिशेब लावला. तो चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. “म्हणजे मी मरेन.”

खाली वैजयंतीताईंच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

“हलली नाहीस तर नाही,” मी म्हणालो.

“तुम्ही पण उडाल?”

“मी इथंच आहे.”

ती स्थिर झाली. चुळबूळ नाही, प्रश्न नाही. तिला गप्प बसवणं जमलं, असं क्षणभर मला वाटलं. मग पाटोळे खालून म्हणाले, “सर, तिच्याकडून पिन घेऊन परत घाला. नाहीतर मी येतो वर.” त्यांनी हात पुढे केला. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला कंप सुटला होता. चहाचा कप ते नेहमी दोन्ही हातांनी धरत. आता तो हात वाऱ्यातल्या पानासारखा हलत होता. त्यांनी तो पाहिला आणि खाली घेतला.

मी स्वतः घालायला पाहिली. पिनेचं भोक तिच्या पलीकडच्या गुडघ्याशी होतं आणि शिडी एकाच बाजूला लावलेली; ती हलवायची तर विमानाला धक्का बसला असता. हात पोचवायचा तर मला तिच्या अंगावरून ओणवं व्हावं लागलं असतं. माझी कोपर कुठं लागली असती, सांगता येत नव्हतं. बंद कापायला गेलो असतो तरी त्याबरोबर कडं ओढलं गेलं असतं.

“रेणुका, तुलाच घालायचीय पिन.”

तिचे डोळे कड्यावरच होते.

“ऐकलंस ना?”

ओठ हलले, शब्द आला नाही. हात मांडीवर होते आणि बोटं पांढरी पडली होती. मी तिला न हलायचं पटवून दिलं होतं. ते तिला इतकं पटलं होतं, की आता ती हलूच शकत नव्हती.

“काय केलंत हे तुम्ही?” वैजयंतीताई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फळ्यापुढे येऊन थिजलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. त्यांना उत्तर विचारायचं नसतं. मी शिडीवर जरा खाली झालो, म्हणजे माझं तोंड तिच्या तोंडाच्या पातळीला आलं.

“पिन राहू दे. तू फक्त काय दिसतं ते सांग. मला इथून नीट दिसत नाही. कडं कसं आहे?”

तिनं ओठांवरून जीभ फिरवली. “पट्ट्यापट्ट्यांचं,” ती म्हणाली.

“कुठला रंग आधी?”

“काळा. मग पिवळा. पिवळा उडालाय.”

“त्याच्या पलीकडे काय आहे?”

“डबी. डबीला भोक आहे.”

“केवढं?”

“पेन्सिल जाईल एवढं.”

“तुझं कुठलं बोट त्याच्याजवळ आहे?”

“करंगळी.” आणि ती करंगळी किंचित हलली.

“शाबास. आधी फीत मनगटाला गुंडाळ. पिन पडली तरी खाली जायला नको.”

तिनं गुंडाळली. फार सावकाश, जीभ दातांत धरून. मग पिन चिमटीत घेतली, भोकाशी नेली, दाबली. पिन शिरली नाही.

“जात नाही, सर. आत काहीतरी आडवं आहे.”

मी पाटोळ्यांना विचारलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “मघाशी वाकली तेव्हा कडं थोडं वर सरकलंय. भोकासमोर भोक राहिलं नाही. कडं खाली दाबून धरायला लागेल.”

“दाबताना काही होईल?”

“ओढल्यानं होतं. दाबल्यानं नाही.”

“नक्की?”

ते जमिनीकडे बघायला लागले.

“पाटोळे, नक्की?”

“नव्या खुर्चीत नक्की,” ते म्हणाले. “सर, तुम्ही उतरा. मी उभा राहतो तिथं. माझी जबाबदारी होती ती.”

“तुमचं ऐकेल का ती?” मी म्हणालो.

रेणुकानं सगळं ऐकलं होतं. “दाबू?” तिनं विचारलं.

तळाची माणसं दुपारी येणार होती. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि कुठल्याही क्षणी ती डोळे पुसायला हात उचलेल, असं वाटत होतं. वैजयंतीताई खाली शिडीला कपाळ टेकून उभ्या होत्या.

“डाव्या हाताचा अंगठा कड्यावर ठेव,” मी म्हणालो. “सरळ खाली. पोळीवरचा फुगा दाबतात तसा.”

तिनं अंगठा ठेवला. कडं कुरकुरलं. पाटोळे दोन्ही हातांनी डोकं धरून वाकले. मी डोळे उघडे ठेवले, कारण ती माझ्याकडेच बघत होती.

“आता पिन.”

आत कुठंतरी टक् झालं.

मग ती म्हणाली, “गेली.”

“पूर्ण?”

“फीत हलवली तरी येत नाही.”

पाटोळे धडपडत वर आले. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मान डोलावली. त्यांनी आणलेल्या कात्रीनं बंद कापून मी तिला बाहेर काढलं. तिचा फ्रॉक ओला झाला होता. तिनं तो मुठीत धरून लपवला. मी माझी पाण्याची बाटली तिच्या डोक्यावरून ओतली. “फार उकडत होतं ना,” म्हणालो.

वैजयंतीताईंनी तिला कडेवर घेतलं. तेवढ्या मोठ्या मुलीला. माझ्याकडे न बघता त्या फाटकाकडे चालू लागल्या. पाटोळे पंखाखाली जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडत होते. रेणुका आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत राहिली, फाटक येईपर्यंत.

दुपारी तळावरची माणसं आली. काम संपल्यावर त्यांच्यातला अधिकारी माझ्याजवळ येऊन थांबला.

“होतं?” मी विचारलं.

“होतं,” तो म्हणाला, माझ्यासमोर ते पेटीत घालायला लावलं आणि गाडीत जाऊन बसला.

पाटोळे त्यानंतर संग्रहालयात आले नाहीत. मुलांना विमानात बसवणं बंद झालं. दिवाळीच्या सुट्टीआधी एका रविवारी वैजयंतीताई आल्या. एकट्याच.

“ती खुर्चीवर बसत नाही,” त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही.

“कशावरच बसत नाही. खुर्ची, बाक, एसटीतली सीट. शाळेत वर्गात मागे उभी असते. बाईंनी सतरंजी टाकलीय तिला. मुलं हसतात. घरी जमिनीवर बसते, तीही भिंतीला टेकून.” त्यांचा आवाज कोरडा होता. “तुम्ही सांगितलंत तिला. मी नको म्हणत होते.”

“हो.”

“आता तुम्हीच सांगा, की त्यात काही नव्हतं. उगाच घाबरलो म्हणावं आपण. तुमचं खरं मानते ती. डॉक्टरांचं मानत नाही, माझं मानत नाही.”

“ताई, होतं ते.”

“मला माहितीय,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर हात जोडतेय.”

नाही म्हणायचं मला सुचलं नाही. पुढच्या रविवारी त्या रेणुकाला घेऊन आल्या. ती वाळली होती. मी हँगरच्या दाराशी तिला भेटलो आणि ठरवल्याप्रमाणे बोललो. तळाची माणसं आली, त्यांनी तपासलं, खुर्ची रिकामी निघाली, म्हणालो.

तिनं ऐकून घेतलं. “मग पाटोळे आजोबा का रडले?”

“भीती वाटली होती म्हणून.”

“ती माणसं आल्यावर त्यांना कळलं ना, काही नव्हतं? मग ते आता का येत नाहीत?”

तिनं आईकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. “आईनं सांगितलंय तुम्हाला असं बोलायला?”

वैजयंतीताईंनी मान फिरवली.

“होतं,” मी म्हणालो. “काडतूस होतं. त्या दिवशीच काढून नेलं. आता नाही.”

“तुम्ही बघितलंत काढताना?”

“बघितलं.”

“नक्की?”

मी कार्यालयातून किल्ली आणली, शिडी लावली आणि वर चढलो. गुडघे दुखत होते. आत उतरून त्या खुर्चीत बसलो. रेणुका तीन-चार पायऱ्या चढून थांबली. मी पिन काढली आणि तिच्या हातात दिली. मग कड्याला हात घातला.

काडतूस पेटीत घालून नेताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी हात उठेना. रेणुका बघत होती. मी दोन्ही हात लावून हिसका दिला. गंजलेलं कडं करकरत वर आलं आणि माझ्या हातात लुळं लोंबत राहिलं. बाहेर हँगरवर कबुतरं घुमत होती, तेवढाच आवाज.

ती बराच वेळ कड्याकडे बघत होती. मग खाली वळून म्हणाली, “आता आई बसेल.”

“मी कशाला?” वैजयंतीताई म्हणाल्या.

“मला बघायचंय.”

मी उतरलो. त्यांनी शिडीचे दांडे धरले, एक पाय पायरीवर ठेवला. दुसरा उचलला नाही. बोटं दांड्यांवर आवळली गेली आणि खांदे हलायला लागले. “मला नाही जमायचं गं,” त्या म्हणाल्या. “खाली उभी होते मी. नुसती उभी. काही करता आलं नाही मला.”

रेणुका त्यांच्याजवळ गेली. “नको तर राहू दे, आई,” ती म्हणाली. तिनं एकेक करून त्यांची बोटं दांड्यावरून सोडवली आणि हाताला धरून त्यांना हँगरच्या भिंतीकडे सावलीत नेलं. तिथं लाकडी बाकडं होतं. तिनं आईला त्यावर बसवलं. स्वतः शेजारी बसली, आईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यांच्याच ओढणीनं त्यांचे डोळे पुसायला लागली.

वैजयंतीताईंनी खाली पाहिलं. बाकड्याकडे, लेकीच्या लोंबत्या पायांकडे. त्यांचं तोंड उघडलं.

मी लांबूनच, बोलू नका, अशी मान हलवली. त्या काही बोलल्या नाहीत.